टोपी काढायची वेळ

चौदाव्या दिवशी फिंटन कामावर आला.
आर्डकिलमध्ये पाऊस नव्हता, नुसती ओल होती,
भिंतींना आलेली, माणसांच्या आवाजाला आलेली.
डोक्यावर बहिणीची लोकरी टोपी, एक माप मोठी.
घट्ट काही घालू नका, असं इस्तंबूलच्या नर्सनं
आधी बोटांनी आणि मग मोबाइलच्या भाषांतरातून
दोनदा बजावलं होतं.

"कुठं होतास?"
डर्वला शवगाडीची काच पुसत होती.
"लान्झारोतेला. उन्हात."
तिनं त्याच्या पांढऱ्याफटक मनगटांकडे पाहिलं
आणि पुसलेलीच काच परत पुसायला घेतली.

बावीस वर्षं तो या दुकानात खांदा देतो, पगारावर.
रात्री दोन वाजता कुणाचे तरी आजोबा
अरुंद जिन्यावरून, भिंतीला न घासता, खाली आणायचे
त्याचे जादा पैसे मिळतात. ते साठले.
मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी, म्हणतो आपण.
त्यानं ते स्वतःच्या टाळूला लावलं.
ही म्हण त्याच्या भाषेत नाही, ते बरंच आहे.
तशीही त्याला झोप कुठं होती?
दहा रात्री खुर्चीत बसून,
मानेला उशीचं कडं,
आणि सकाळी आरशात
लाल ठिपक्यांचं एक अनोळखी रान.

गुरुवारी मॅलकी गेला. न्हावी. एक्क्याऐंशीचा.

मागच्या खोलीत, दार लावून,
फिंटननं प्रथमच टोपी काढली.
या गावात त्याचं डोकं
फक्त या एका माणसाला पाठ होतं.
कापून झालं की मॅलकी मागून आरसा धरायचा:
बघ, ठीक आहे ना?
पाच वर्षांपूर्वी कधीतरी
आरसा धरायचं तो विसरायला लागला.
बाकीच्या गिऱ्हाइकांना धरायचा.
फिंटनच्याच वेळी फोन वाजायचा,
नाहीतर टॉवेल झटकायचा असायचा.

फिंटननं त्याचे केस ओले केले,
डावीकडून भांग पाडला,
मागे दोन बोटं राहिली होती, तीही बसवली.
मग, का कोण जाणे,
धुण्याच्या मोरीवरचा छोटा आरसा काढून
म्हाताऱ्याच्या डोक्यामागे
क्षणभर धरला.

स्मशान समुद्रावर. वारा थेट अटलांटिकचा.
पेटी उजव्या खांद्यावर,
डोकं तिच्यापासून बोटभर लांब,
मान अशी वाकडी, की लोकांना वाटावं
हा जास्तच हळवा झालाय.
जड उचलू नका, असंही भाषांतरात होतं.

फादर थांबले. टोप्या उतरल्या,
एक, सात, तीस.
पट्ट्यावरचे दोन्ही हात मोकळे झाल्यावर
फिंटननंही काढली.

वारा टाळूवर थेट लागला,
सोललेल्या गुडघ्याला लागतो तसा.
समोर मॅलकीची सगळी गिऱ्हाइकं,
पांढरी, तुरळक, चकचकीत डोकी,
आणि प्रत्येक जण खड्ड्यात पाहत होता
इतक्या निष्ठेनं,
की एवढं दुःख एका न्हाव्यासाठी
या गावानं करावं, हे खरं वाटेना.
एक पोरगा तेवढा आ वासून बघत राहिला.
आजीनं त्याची हनुवटी धरून
खड्ड्याकडे वळवली.

संध्याकाळी गॅरेजमध्ये
डर्वलानं त्याच्या काळ्या कोटावरून ब्रश फिरवला.
कॉलरवर बारीक, आखूड केस.
नवे. तीन हजार शंभरांतले.
गळतील म्हणून सांगितलं होतं, मुळं राहतात,
चार महिने धीर धरा.
सांगितलेलं असूनही त्याच्या पोटात खड्डा पडला.

तिनं ब्रश दारात नेऊन झटकला.
"लान्झारोतेला," ती म्हणाली,
"वारा फार असेल, नाही?"

"फार," फिंटन म्हणाला.

मग तिनं दुसरा खांदा पुसला.
त्यावर काहीच नव्हतं.